मर्लचे एकशे बावीस

...आणि वर पुन्हा म्हणायचं काय, तर कोरडं ऊन आहे, त्रास होत नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या या सॉल्ट बेंडमध्ये जन्माला आलेलं पोर आधी 'आई' म्हणत नाही, 'कोरडं ऊन आहे' म्हणतं. बँकेच्या दाराची पितळी मूठ धरली आणि तळहाताची कातडी तिथंच राहिली, तरी माणूस हातावर फुंकर मारत म्हणणार, काही नाही हो, कोरडं आहे. गाडीचं स्टिअरिंग आम्ही भट्टीतला पाव काढायचे हातमोजे घालून धरतो, कुत्र्यांच्या पायांत बूट घालतो, थंड पाण्याचा नळ सोडला की त्यातून चहाचं पाणी येतं म्हणून जून लागला की आम्ही पाणी तापवायचा बंबच बंद करून टाकतो, मग बंब आपला घरात सावलीला असतो ना, त्यातलं पाणी त्यातल्या त्यात निवतं, म्हणजे गार पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा... पाहुणा आला की आधी हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो न्हाणीघरातून बोंबलत बाहेर येतो. मी सांगत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो.

ओपल, म्हणजे माझी बायको, म्हणते की रूफस, तू मेलास ना, तर लोक तिसऱ्या दिवसापर्यंत शवपेटीजवळ येणार नाहीत, उठून बसशील या भीतीनं. बरोबर आहे तिचं. पण मला सांगा, या गावात दुसरं करायला आहे काय? खाण बंद पडली, रेल्वे थांबायची बंद झाली, जे तरुण होते ते गेले, उरलो आम्ही आणि ऊन.

यंदा मात्र त्या टीव्हीवरच्या पोरानं डोकं उठवलं. ट्रिप त्याचं नाव. दात एवढे पांढरे की बघताना टोपी पुढं ओढावी लागते. हा तिकडं गार खोलीत कोट घालून उभा, मागं नकाशा लालभडक, आमच्या गावापाशी तर जांभळा, कुणी गुद्दा मारल्यासारखा, आणि हा गोड आवाजात सांगणार की आजचं तापमान सरासरीपेक्षा बारा अंशांनी अधिक राहील. सरासरीपेक्षा! अहो, मी सारे उन्हाळे इथं काढले, ही सरासरी मला एकदाही भेटली नाही. कुणी म्हणालं का कधी, आज सरासरी येऊन गेली बरं का, तुम्ही घरी नव्हतात? ओपलची एक थोरली बहीण आहे ओरेगनला, तिचं असंच. कधी आली नाही, कधी पत्र नाही, पण ओपलनं माझं खाणं, पिणं, घोरणं, सगळं तिच्या नवऱ्याशी ताडून बघायचं आणि मी इतके अंश जास्त निघायचो!

आणि ती सरासरी म्हणे दर दहा वर्षांनी नवीन काढतात. जुने उन्हाळे टाकायचे, ताजे घ्यायचे. म्हणजे कसं, पोराची उंची मोजायला दाराच्या चौकटीवर रेघ मारायची, पोरगं वाढलं की रेघच वर सरकवायची आणि म्हणायचं, छे, पोरगं आहे तेवढंच आहे. मी हे डायनरमध्ये, म्हणजे आमच्या नाक्यावरच्या खानावळीत, बोललो तर सगळे हसले. मर्ल हसला नाही.

आता मर्ल. मर्ल स्टॉकवेल. शाळेपासूनचा माझा दोस्त, आणि या गावातला एकमेव माणूस ज्याच्या मालकीचा एक आकडा आहे. एकशे बावीस. फॅरनहाइट हो, तुमच्या मापात पन्नास. आम्ही दोघं तिशीत होतो तेव्हा एका जुलैत पारा तिथवर गेला, सॉल्ट बेंडचा आजवरचा उच्चांक, आणि त्या दिवशी सगळं गाव नदीत गळ्यापर्यंत बुडून बसलेलं असताना मर्ल शाळेच्या छपरावर डांबर घालत होता. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. मुकादम पळाला, जोडीदार पळाला, यानं एकट्यानं छप्पर पुरं केलं, आणि उतरायला गेला तर बूट डांबरात रुतलेले, ते तिथंच सोडून अनवाणी शिडीवरून खाली आला. बूट अजून वर आहेत म्हणतो. कुणी बघायला गेलं नाही.

तेव्हापासून दर जुलैत त्या तारखेला डायनरमध्ये मर्लला बर्फाचा चहा फुकट, आणि तो चहा संपेस्तोवर छपराची गोष्ट आम्हाला फुकट. गावात नवा माणूस आला, कपाळ पुसत म्हणाला की बाई गं, काय हे ऊन, की मर्ल खुर्ची जवळ ओढणार. "हे? हे काय ऊन आहे? कोरडं आहे, त्रास होत नाही. मी तुला ऊन सांगतो." झालं! आम्ही सगळे आपापल्या बशीत तोंड घालून बसायचो. कधीच कुणी त्याला 'सांग' म्हणालेलं नाही. त्याची बायको इर्मा होती तोवर ती तरी मधे म्हणायची, अहो, पुरे. ती गेल्यापासून तेही नाही. पत्र्याच्या ट्रेलरघरात एकटा राहतो. चाकं केव्हाच गंजून गेली त्याची, आता ते नुसतं विटांवर उभं आहे. गार हवेचं यंत्र बसवून घे म्हणून चर्चच्या पास्टरनी सांगितलं, ओपलनं सांगितलं, मी तर रोज सांगायचो. नाही. गवताच्या ताटीवर पाणी सोडायचा तो जुना कूलर आणि हा. म्हणायचा, यंत्र बसवलं तर त्या छपराला काय वाटेल?

तर तो दिवस. सकाळपासूनच काहीतरी चुकत होतं बघा. आमच्याकडं घाम येतो आणि येताक्षणी वाळतो, माणसाला कळतही नाही. त्या दिवशी सदरा पाठीला चिकटला. दक्षिणेकडून, आखाताकडून ओल वर आली होती, आभाळ दुधाळ, आणि तरीही पारा चढतच होता. दोन्ही एकदम! ओपल खिडकीशी उभी राहून म्हणाली की रूफस, हे काही आपलं ऊन नाही. मला हसायला आलं नाही, म्हणजे बघा.

जेवणानंतर वीज कुरकुरायला लागली तशी सगळी म्हातारी मंडळी चर्चच्या हॉलमध्ये जमली, तिथं मोठं यंत्र आहे. पास्टर टोलिव्हरनी टीव्ही लावलेला. ट्रिप कोटाची बाही चाचपत सांगतोय, सॉल्ट बेंडच्या विमानाच्या धावपट्टीवरचा तापमापक एकशे एकवीस दाखवतोय... एकशे बावीस झालं, जुन्या उच्चांकाशी बरोबरी... आणि आम्ही सगळे पुढं सरकलेलो, बेसबॉलचा शेवटचा डाव असल्यासारखे. एकशे तेवीस! आणि टाळ्या पडल्या. हो, खरं सांगतो, टाळ्या! आपणच भाजून निघालोय आणि आपणच टाळ्या पिटतोय. कुणीतरी लिंबूपाणी वर धरलं. आणि मी, मी काय केलं? मी इकडंतिकडं पाहिलं, मर्ल कुठं दिसेना, आणि माझ्या पोटात अशा काही गुदगुल्या झाल्या म्हणता! इतक्या वर्षांचा तो चहा, ती गोष्ट, ते बूट, सगळं आज संपलं, आणि ही बातमी त्याला सांगायला माझ्याआधी कुणी गेलेलं नाही!

ओपलच्या हॅटची काळी फीत काढून घेतली. बाहीला बांधायची, दार वाजवायचं, टोपी छातीशी धरायची आणि म्हणायचं, मर्ल, मन घट्ट कर, एकशे बावीस आपल्यात राहिले नाहीत, शांतपणे गेले, दुपारी तीनच्या सुमाराला. हातमोजे चढवले, ट्रक काढला, आणि सबंध रस्ताभर हे भाषण मोठमोठ्यानं म्हणून पाहत गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर असं मऊ की चाकं चिकटून सुटताना आवाज करत होती.

दार वाजवलं. उत्तर नाही. उघडलं.

बटाटे उकडायच्या भांड्याचं झाकण काढावं ना, तशी वाफ तोंडावर आली. कूलर घरघरतोय, ताटीवर पाणी ठिबकतंय, आणि या शहाण्यानं खिडक्या सगळ्या बंद केलेल्या! अहो, कूलरला खिडकी किलकिली ठेवावी लागते, ओली हवा बाहेर जायला नको का? पण याला मागच्या दुकानातल्या टीव्हीचा, कशाचाच आवाज ऐकायचा नव्हता. त्यात बाहेरचीच हवा ओली. कोरड्या उन्हातला कूलर कोरड्या उन्हातच चालतो. त्या दिवशी तो नुसता चूल पेटवून बसला होता आणि मर्ल त्याच्यासमोर, बनियनवर, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून.

मी म्हटलं, मर्ल. त्यानं मान वळवली, पण डोळे मागून आले. चेहरा लालबुंद आणि कोरडा. त्या वाफेत मी दोन मिनिटांत निथळायला लागलो आणि त्याच्या कपाळावर एक थेंब नाही. हात लावला, तर चुलीवरच्या तव्याला लावावा तसा. खिडक्या फोडल्यासारख्या उघडल्या, मागच्या दुकानातून फोन करून रुग्णवाहिका मागवली, तर ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथंही असंच कुणीतरी म्हातारं. म्हणाले, ओलं करा, गार जागी हलवा, आम्ही हॉलवर पोचतो. हलवा म्हणे! मर्ल माझ्या दीडपट आहे, आणि बोटं टेबलाला अशी रुतलेली...

"किती झालं?" त्यानं विचारलं. जीभ जड झाली होती.

मी म्हणालो, आधी ऊठ. तर म्हणतो कसा, "माझा आकडा मोडला असेल तर सांगू नकोस. आणि थांबूही नकोस. जा तू. मी इथंच बरा आहे."

आणि तो खरंच म्हणत होता हो. मी या माणसाला खोटं बोलताना ओळखतो, रुसलेला ओळखतो, नशेत ओळखतो. हे तसलं नव्हतं. दुकान बंद करताना माणूस दिवा विझवतो ना, तसं बोलला. माझा हात खिशात त्या काळ्या फितीवर होता. भाषण जिभेवर तयार. मी आजवर तयार झालेला विनोद कधी वाया घालवलेला नाही, इर्माच्या दफनाच्या वेळीसुद्धा नाही. तो मी गिळला.

"एकशे एकवीस," मी म्हणालो.

"खोटारडा आहेस तू."

"आहेच. पण एकशे एकवीसच झाले. एका अंशानं राहिलं."

"लोक काय म्हणतात?"

आता काय सांगू? लोक टाळ्या पिटत होते! मी म्हणालो, लोक तुझी वाट बघतायत. सगळे हॉलमध्ये जमलेत, पास्टर म्हणाले, मर्लला बोलवा, त्याच्या तोंडून छपराची गोष्ट ऐकायची आहे.

आयुष्यात हजार थापा मारल्या असतील मी, याच्याएवढी मोठी एकही नव्हती. आणि ती लागू पडली. बोटं टेबलावरून एकेक करून सुटली. म्हणाला, सदरा दे, पूर्ण बाह्यांचा. मी म्हटलं, देतो राजा, आणि तो नेऊन नळाखाली धरला, गरम पाण्याच्या, म्हणजे गार, आणि ओलागच्च त्याच्या अंगावर चढवला. ओला का, विचारायचंही त्याला भान नव्हतं.

निघण्याआधी दुकानातून ओपलला फोन. म्हटलं, टीव्ही बंद करा, सगळ्यांना सांग की एकशे एकवीसच झाले. ती उखडली. म्हणाली, तुझ्या चाळ्यांना आज तरी सुट्टी दे, इथं बायका चक्कर येऊन पडतायत. बरोबर आहे, माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी म्हणालो, "ओपल, मर्लला घाम येत नाहीये." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

ट्रकमध्ये तो माझ्या खांद्यावर कलंडायला लागला. झोपू द्यायचं नाही एवढं मला माहीत. मग काय करणार? मी म्हटलं, मर्ल, छपराची गोष्ट सांग. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला सांग म्हणालं! तर गडी चुकायला लागला. मुकादमाचं नाव भलतंच, शिडी दुसऱ्याच भिंतीला, आणि मधेच म्हणतो, इर्मा वर डांबर घेऊन आली. मला ती गोष्ट त्याच्यापेक्षा पाठ. मी एकेका वाक्याला दुरुस्त करत होतो. इर्मा नव्हती वर, मर्ल, इर्मा नदीवर होती. मुकादम काय म्हणाला? म्हणाला, मरशील. मग तू काय म्हणालास? मी म्हटलं, अरे, बोल की, तू म्हणालास कोरडं ऊन आहे, त्रास होत नाही! त्याची हनुवटी छातीला लागली. मी म्हटलं, बूट. बुटांचं सांग, मर्ल. बुटांचं काय झालं? आणि मी, रूफस अ‍ॅबरनेथी, त्या ओसाड रस्त्यावर हातमोजे घातलेल्या मुठींनी स्टिअरिंग बडवत ओरडतोय की बुटांचं काय झालं, बुटांचं काय झालं...

हॉलमध्ये शिरलो. टीव्हीवर टेबलावरची चादर टाकलेली. रुग्णवाहिकेची योलांडा पोचली होती, तिनं मर्लला लांब टेबलावर आडवा केला, काखेत बर्फ, मानेखाली बर्फ, सलाईन. सगळं गाव भिंतीला पाठ लावून उभं. ज्यांची ज्यांची मी आयुष्यभर टर उडवली ते सगळे माझ्याकडं बघतायत, आणि माझी थाप त्यांच्या हातात.

मर्लनं डोळे उघडले. नेमका समोर कोण? पास्टर टोलिव्हर. ज्या माणसानं मासळी किती मोठी होती हेसुद्धा कधी वाढवून सांगितलं नाही! मर्ल म्हणाला, "पास्टर, तुम्ही सांगा. रूफसवर माझा भरवसा नाही. मोडला का?"

ओपल डोळे मिटून उभी, ओठ हलतायत. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली आणि ती काय, तर देवा, या तुझ्या माणसाला एकदा तरी खोटं बोलू दे.

पास्टर खाली वाकले. "मर्ल," ते म्हणाले, "तू काढलास तसा उन्हाळा या गावात कुणीही काढलेला नाही."

बघा! एक शब्द खोटा नाही! मर्लनं हुश्श केलं. आणि मग योलांडा म्हणाली, आला. काय आला? तर त्याच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब. एक. सगळा हॉल त्या थेंबाकडं बघत होता. मग कपाळावर, मग मानेवर, मग म्हातारा असा काही निथळायला लागला की ओपल रडता रडता त्याला टॉवेलनं पुसत होती आणि शिव्या देत होती. मर्ल म्हणाला, पाणी द्या. आणि मग? मग गोष्ट सुरू केली. सुरुवातीपासून. मुकादमापासून बुटांपर्यंत. सगळ्यांनी ऐकली. मागं उभ्या असलेल्या बायकांनी तर, मग काय झालं, असंसुद्धा विचारलं!

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण हा उन्हाळा ऐकतो का? दुसऱ्या दिवशी एकशे चोवीस. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा चोवीस. ट्रिपचे शब्द संपले, तो आता नुसता हात पसरून नकाशासमोर उभा राहतो. म्हणतो, पुढची सरासरी काढतील तेव्हा हे दिवसही त्यात धरतील. धरा बाबा, सरकवा रेघ. मर्लला आम्ही आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलाय, तिथं यंत्र आहे, डॉक्टरनं बाहेर पडायला बंदी केलीय. आमचा टीव्ही 'बिघडलाय'. डायनरवाल्यापासून टपालवालीपर्यंत सगळं गाव खोटं बोलतंय, पास्टर तर हल्ली आमच्या रस्त्यानंच येत नाहीत. आणि रोज संध्याकाळी मर्ल पांघरुणातून विचारतो, आज किती? बाहेर पक्षी झाडावरून पडतायत, आणि मी दारात उभा राहून, घाम पुसून, सरळ चेहऱ्यानं सांगतो, एकशे एकवीस.

काल हे ऐकून त्यानं मान हलवली. बर्फाचा चहा ढवळला. माझ्याकडं अशा दयेनं पाहिलं, लहान पोराकडं बघावं तसं, आणि म्हणाला, "रूफस, हल्लीच्या उन्हाळ्यात काही दम राहिला नाही रे."

आणि मी काय म्हणणार? म्हटलं, नाही रे बाबा, कुठला!